कोंड्यावर विकलेली नात

लहानपणाबद्दल बरंच लिहून झालं. पण खरं सांगायचं तर मी मोठी झाले ती पहिल्यांदा लुगडं नेसले तेव्हा नाही, लग्न होऊन नेरला आले तेव्हाही नाही. मला अक्कल आली ती साठीच्या उंबरठ्यावर, नात झाल्यावर. म्हणून वाढत्या वयाच्या या आठवणींत हे प्रकरण मी घुसवतेच आहे. आमचे हे परवा पानं चाळताना म्हणाले, "अव, हे लहानपणाचं पुस्तक हाय न? मंग म्हातारपण कायले कोंबून राह्यली?" मी म्हटलं, तुम्ही तुमचं लिहाल तेव्हा तुमच्या मनासारखं लिहा. त्यावर ते हसले आणि शेतात निघून गेले. लिहिण्याचं काम काही त्यांच्याच्यानं होणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे.

आमच्या सुनेचे, वैशालीचे, आधीचे दोन जीव गेले होते. एक पोटातच गेला, दुसरा बारसं व्हायच्या आत. तिसऱ्या वेळी ती सातव्या महिन्यात बाळंत झाली. तूर फुलोऱ्यात होती, घरात कापूस वेचायच्या बायांची ये-जा होती, आणि आम्ही सगळं तसंच टाकून यवतमाळला धावलो. पोरगी काचेच्या पेटीत होती. तिच्या नाकात नळी, पायाच्या अंगठ्याला वायर, आणि पाय असा की माझ्या करंगळीएवढा. पुढे तिला पेटीतून काढल्यावर तिथल्या सिस्टरनं सांगितलं, लेकराला उघड्या अंगानं छातीशी धरायचं, अंगाच्या उबेनं ते वाढतं. वैशालीला तेव्हा बसवत नव्हतं. सिस्टर माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, तुम्ही बसा." मी पोलक्याची बटणं सोडून बसले आणि तिला माझ्या छातीवर ठेवलं. हातात काही आहे असं वाटेना. मी माझा श्वास रोखून तिचा ऐकत होते, आणि तो मधेच थांबला असं वाटलं की सिस्टरला हाका मारत होते. ती बिचारी दर वेळी यायची, बघायची आणि म्हणायची, "आजी, तुम्ही आधी श्वास घ्या."

मी सगळी नोकरी अंगणवाडी सेविका म्हणून केली. गावोगावच्या बायांना लस, वजन, आईचं दूध हे घोकून घोकून सांगितलं. कोणाच्या लेकराच्या गळ्यात ताईत दिसला की हसून विचारायची, "हे बांधून वजन वाढलं का व?" पण दुसऱ्याच्या लेकराला काट्यावर ठेवणं वेगळं आणि आपल्या छातीवरचं लेकरू काट्यावर ठेवणं वेगळं. आम्ही तिला घरी आणलं तेव्हा माझ्या पोटात भीतीनं जे घर केलं ते काही केल्या उठेना. जेवताना घास फिरायचा. भाकर थापता थापता हात पिठाचे तसेच घेऊन मी पाळण्याशी जायची आणि तिच्या नाकाखाली बोट धरायची. श्वास लागला की परत चुलीपाशी. तोवर तव्यावरची भाकर करपलेली असे. हे म्हणायचे, "अव, लेकरू हाय थे. दूध उतू चाललं का, असं सारखं पाह्यत नाही बसत." पण तेही शेतात वखर हाकून आले की हातपाय धुवायच्या आधी पाळण्याकडेच बघायचे.

माझं माहेर मुकुटबनकडचं. तिथे आमच्या आळीत कोंडबा नावाचे एक म्हातारे होते. लहानपणी आम्ही त्यांच्या नावाला हसायचो. मग एकदा आईनं सांगितलं होतं, ज्या घरात लेकरं टिकत नाहीत त्या घरानं पुढचं लेकरू विकून टाकायचं, आणि तेही सूपभर कोंड्यावर. म्हणजे वर जो कोणी हिशेब ठेवत असेल त्याला वाटावं, यांना याची काही किंमत नाही. विकत घेणारी बाई अशी हवी की तिचं एकही लेकरू दगावलेलं नाही. लेकरू राहतं आपल्याच घरी, पण नावानं ते तिचं. घरातल्या कोणी त्याला 'माझं' म्हणायचं नाही. मिळालेला कोंडा जपून ठेवायचा, पाच वर्षं पूर्ण झाली की तोच कोंडा परत द्यायचा आणि लेकरू परत घ्यायचं. कोंडबा म्हातारे असे विकले गेले होते आणि नव्वदीपर्यंत बिड्या ओढत जगले. इतक्या वर्षांनी मला ते कुठून आठवले कोणास ठाऊक, पण आठवले ते मनातून हलेनात.

आमच्या मागच्या भिंतीला लागून रशीदाबीचं घर. कापूस पिंजून गाद्या-रजया भरून देणारं पिंजाऱ्याचं घर ते. सकाळपासून पिंजायच्या मशीनची घरघर, आणि वाऱ्यानं उडणारी रुई आमच्या वाळत घातलेल्या कुरड्यांवर येऊन बसायची. यावरून आमची कितीदा वाजली असेल. पण अंबाडीची भाजी शिजली की पहिली वाटी तिच्याकडे, आणि ईदेचा शीरखुर्मा त्याच वाटीतून माझ्याकडे. तिला पाच लेकरं, पाचही जगली, धडधाकट निघाली. मी भिंतीपाशी उभी राहून तिला सगळं सांगितलं. ती आधी हसलीच. म्हणाली, "आमच्यात असं इकत-फिकत घेत नाही व सुमन. लेकरू अल्लाचं. तू कोन इकनारी न मी कोन घेनारी?" तिनं माझ्या मागे पाहिलं. पाळण्याची दोरी हातात धरून वैशाली दाराशी उभी होती. ती कधी अशा गोष्टी मानणारी नव्हती, बी.ए. झालेली पोरगी, पण त्या वेळी कोणी सांगितलं असतं की निखाऱ्यावरून चाल तर ती चालली असती. रशीदाबीचं हसू थांबलं. ती आत गेली, पिठाच्या चाळणीतला आणि डब्यातला मिळून सूपभर कोंडा घेऊन आमच्या उंबऱ्याशी आली आणि तिनं ओढणी पसरली. वैशालीनं पोरीला त्या ओढणीत ठेवलं. मी खालून आधार दिला.

पत्रिकेवरचं नाव आरोही, पण त्या दिवसापासून ती झाली कोंडी. कोंडा मी पत्र्याच्या डब्यात भरला, झाकणावर कापड बांधलं आणि देवाच्या फळीवर ठेवला. देवाला हात जोडायच्या आधी माझे हात त्या डब्याकडे जायचे, तो आहे ना, हलकासा हलवून बघायचे. पोरीचं फुप्फुस कमजोर, धुळीपासून जपा, असं डॉक्टरनं सांगितलेलं, आणि तिची मालकीण म्हणजे गावातली सगळ्यात जास्त रुई उडवणारी बाई. माझा जीव टांगणीला लागला. पण रशीदाबीनं न सांगता मशीन पुढच्या पडवीत नेऊन बसवलं आणि आमच्या बाजूला ओल्या चादरी टांगल्या. उन्हाळ्यात तिची सून दिवसातून कितीदा तरी त्या चादरी भिजवायची. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. माझं सगळं लक्ष पोरीच्या खोकल्याकडे होतं. आज हे लिहिताना त्या चादरी डोळ्यांसमोर येतात आणि वाटतं, ज्यांचे उपकार मानायचे ते सगळे दारात उभे होते आणि मी फळीवरच्या डब्याशी बोलत बसले होते.

पोरगी वाढली. उशिरा बसली, उशिरा चालली, पण बोलायला लागली ती थांबेचना. रशीदाबीला अम्मी म्हणायची. कोणी विचारलं, "कोणाची व तू?" की हात लांब करून मागच्या भिंतीकडे दाखवायची. सगळे हसायचे, मीही हसायची, आणि हसताना बरं वाटायचं की चला, ठीक चाललं आहे. वैशाली हसत नसे. एकदा तिनं पोरीला न्हाऊ घातलं, केस पुसता पुसता तिला कवेत घेतलं आणि तिच्या तोंडून निघालं, "माही गुनाची बाय." मी स्वयंपाकघरातून ओरडले, "नको म्हणू माही! जीव घेशीन काय पोरीचा?" वैशालीचा चेहरा उतरला. ती केस पुसत राहिली. पोरगी टॉवेलातून माझ्याकडे टुकूटुकू बघत होती. ती काय ऐकते आणि काय मनात ठेवते याचा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. लेकरू म्हणजे वजन, ताप आणि खोकला, एवढंच मी बघत होते.

पाच वर्षं पूर्ण झाली. सगळ्यांना वाटलं, आता सुमनबाई कोंडा परत करणार, गोडाधोडाचं करणार. मी म्हटलं, दिवाळी होऊ द्या. दिवाळी झाली तर म्हटलं, थंडीत तिला खोकला आहे, तो जाऊ दे. मग कापूस घरात आला, मग तुरीचं राहिलं. खरं कारण मी कोणाला सांगत नव्हते. दुसऱ्याच्या नावावर पोरगी सुखरूप होती. आमच्या नावावर दोन गेले होते. ती पुन्हा आमची म्हणायची माझी छाती होत नव्हती. वैशाली एका दुपारी तूर निवडताना म्हणाली, "आई, आता पुरे करा. सारं गाव तिले माही म्हणते, मी सोडून." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला तो जास्त लागला. मी सुपातल्या तुरीत बोटं फिरवत बसले आणि म्हटलं, "पाहू न व, एवढा महिना जाऊ दे."

तो महिना जायच्या आत रशीदाबी भिंतीपाशी आली. तिच्या धाकट्याला, सलीमला, राजूरला काम मिळालं होतं, कोळशाच्या गाड्या दुरुस्त करायच्या गॅरेजात. तयार गाद्या दुकानात आल्यापासून पिंजायच्या मशीनला काम उरलं नव्हतं. आता सगळं घरच तिकडे चाललं होतं. "जायच्या आंधी घेऊन घे व तुही पोरगी," ती म्हणाली. "मी मेली-बिली तिकडे, तं कोनाजोळ मांगशीन?" मी हो म्हटलं, आणि निघायचा दिवस आला तरी काही केलं नाही. डब्याच्या झाकणावरचं कापड सोडायला हात धजत नव्हता.

निघायच्या दिवशी दुपारी पोरगी घरात दिसेना. मी आधी माळ्यावर हाक मारली, मग कापसाच्या खोलीत गेले. ढिगात कुठे हात-पाय दिसतो का म्हणून दोन्ही हातांनी कापूस उपसायला लागले, आणि माझ्या तोंडून नुसता घुसमटल्यासारखा आवाज निघत होता. रुई नाकात गेली, डोळ्यांत गेली. विहिरीकडे वैशाली धावली. हे शेतात होते. शेवटी मागून रशीदाबीची हाक आली, "सुमन, इकडे ये, इकडे हाय थे!" मी चपला न घालता भिंतीला वळसा घालून गेले. दारात टेम्पो लागायचा होता. ओसरीत बांधून ठेवलेल्या गाद्यांच्या वळकट्या होत्या, आणि सगळ्यात वरच्या वळकटीवर कोंडी बसली होती. अंगात दिवाळीचा फ्रॉक, मांडीवर शाळेची पिशवी, पिशवीत कोंबलेले कपडे आणि तिची स्टीलची वाटी.

"काय करून राह्यली व अथी?" मी विचारलं.

"मी राजूरले चालली," ती म्हणाली. "अम्मी चालली न. मी तिचीच हाय न. तूच तं म्हणते."

वैशाली माझ्या मागे येऊन पोचली होती. तिला धाप लागली होती. ती पोरीला उचलायला पुढे गेली नाही. माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "आई, तुम्हीच सांगतलं होतं तिले. आता तुम्हीच सांगा." मी म्हटलं, "थांब, कोंडा आणतो. रीतसर करू. थो डबा आणतो," आणि वळले. खरं म्हणजे मला तिथून पळायचं होतं. वैशालीनं माझा हात धरला.

"आई, थो कोंडा नाही त्या डब्यात."

"म्हणजे?"

"पयल्याच पावसाळ्यात अळ्या झाल्त्या त्यात. मी गाईले टाकला. तुम्ही डबा हालवून पाह्यता म्हणून दुसरा भरला. तवापासून दर पावसाळ्यात बदलवतो मी. आपल्याच पिठाचा कोंडा हाय थो."

मी वळकटीच्या कडेला बसले. मला आधी राग आला, खोटं सांगणार नाही. इतकी वर्षं मी ज्या डब्याला हात जोडले त्यात आमच्याच घरच्या चाळणीतला कोंडा! मग भीती आली, मागच्या सगळ्या वर्षांची एकदम. गोवर, न्यूमोनियाचा तो हिवाळा, विहिरीच्या काठावर ती एकटी सापडली तो दिवस, या सगळ्यातून ती काहीही राखण नसताना आली होती. मी विचारलं, "मंग मले काहून नाही सांगतलं?" वैशाली म्हणाली, "सांगून काय केलं असतं? तुम्ही जेवल्या नसत्या. पोरीकडे तुम्ही पाह्यत होत्या, तुमच्याकडे कोनी पाहावं?" हे बोलताना तिला रडू आलं. ज्या सुनेला मी तिची लेक तिची म्हणू दिली नाही, तिनं माझी भीती अशी गुपचूप सांभाळली होती.

रशीदाबीनं डोक्याला हात लावला आणि हसायला लागली. "गाईनं खाल्ला काय! बरं झालं. मी तं पयल्या दिवशीच तुले सांगतलं होतं बाई, मी काही इकत घेतली नाही. अमानत म्हणून ओढणीत घेतली. अमानत म्हणजे सांभाळाची न ज्याची त्याले द्याची. रोज नमाजात नाव घेतलं तिचं. घे आता." मग तीही डोळे पुसायला लागली.

तिथे बसल्या बसल्या माझ्या मनात काय झालं ते नीट सांगता येणार नाही. एवढंच कळलं की माझ्या कुठल्याच युक्तीनं ही पोरगी वाचली नव्हती. ती सिस्टर, त्या ओल्या चादरी, ते नमाजातलं नाव, वैशालीनं गुपचूप बदललेला कोंडा, आणि या सगळ्यांच्या मागे जो कोणी असेल तो. तिला फुकट दिलं होतं आम्हाला, रोज दिलं होतं, आणि मी घेतलं असं म्हणतच नव्हते. नाव न घेता मी हात जोडले. डब्यापुढे कितीदा जोडले होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा मी काही मागितलं नाही. आता मी कधी देवाच्या फळीपाशी उभी राहते तेव्हा तेवढंच करते. भीती गेली असं समजू नका. ती अजून आहे, बाजूला बसलेली असते.

"कोंडे," मी म्हटलं, "खाली ये. तू राजूरची नाही."

"मंग कोनाची?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं पिशवी घट्ट धरली आणि माझ्याकडे बघत हळू आवाजात विचारलं, "तू माही म्हटलं तं मी मरीन न, आजी?"

इतके दिवस ती हे मनात घेऊन झोपत होती, उठत होती, माझ्या हातचा वरणभात खात होती. जी भीती माझ्या पोटात आहे असं मला वाटत होतं ती मी तिच्या पोटात नेऊन ठेवली होती. मला खात्री नव्हती. आजही नाही, कोणालाच नसते. पण तिला उत्तर हवं होतं आणि ते देणारी मीच होते. मी उठले, तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "नाही व माय. तू आमचीच. तुह्या आईची, न माही."

तिनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं, फ्रॉकवर छातीशी हात ठेवून एक मोठा श्वास घेतला. मीही तिच्यासोबत घेतला. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

"आजी," ती म्हणाली, "मी तं नाही मेली."

मग वळकटीवरून घसरत खाली आली, आपल्या आईचा पदर एका हातात आणि माझा दुसऱ्या हातात धरला, आणि म्हणाली, "अजून एक डाव म्हण."